पुढच्या पानावर पाच वर्षं

गंगारामशेट दारात आले तेव्हा मी तांदूळ निवडत होते आणि नंदिनी माझ्या मांडीवर एक पाय टाकून झोपली होती. भाडं न्यायला ते स्वतः कधी येत नसत, त्यांची बहीण जाईआत्या येई. म्हणून मी उठायला लागले, तर त्यांनी हातानेच बसून राहायला सांगितलं.

"वैनी, तुमच्याकडं पुस्तकं हायेत ना?"

"आहेत."

"गोजराला द्या वाचायला. घरात बसून माजं डोकं खाते. आय कवा येनार, आय कवा येनार." ते उंबऱ्याबाहेरच उभे होते. "पन रडन्याची नको. कोन मेलं-बिलं, तसली नको."

"सखूवहिनी कशा आहेत?"

त्यांनी वळून आपल्या घराकडे पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "डॉक्टर बोलला, आता त्याच्या हातात काय नाय."

मी ऐकलं. तांदळातला एक खडा काढून बाजूला ठेवला. काहीतरी बोलायला हवं होतं. बाळंतपणापासून माझं असं झालं होतं, की कुणी काही सांगितलं तर ते पाण्याखालून ऐकू यावं तसं यायचं. हात कामं करत होते. नंदिनीला न्हाऊ घालायचे, तिच्या मानेच्या वळीतली पावडर पुसायचे, तिची नखं दाताने कुरतडायचे. हातांना सगळं माहीत होतं. बाकी माझ्या आत कुणी नव्हतं.

"देते," मी म्हटलं.

शिरवण्यात गंगारामशेटांच्या चार खोल्या होत्या. शेती सिडकोत गेली, त्या पैशांतून त्यांनी घरामागे ओळीने बांधलेल्या. त्यातल्या शेवटच्या खोलीत आम्ही राहत होतो. हे रबाळ्याच्या कारखान्यात पाळीला जात. गोजरा ही शेटांची एकुलती एक. तेरावं लागलेलं, उंचीने आत्ताच जाईआत्याच्या खांद्याच्या वर. सखूवहिनींना परळच्या इस्पितळात ठेवल्यापासून आत्या करावे गावातून येऊन घर सांभाळत होत्या. शाळेला सुट्टी लागली होती, तरी पोरीला अंगणाबाहेर सोडत नव्हते. नळावर, दुकानात, देवळापाशी कुणी ना कुणी बोललं असतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. फक्त तिला ठाऊक होऊ द्यायचं नव्हतं.

माझ्याकडे पुस्तकं होती ती अशी, की लग्नाआधी मी महाडच्या एका वाचनालयात मुलांच्या कपाटापाशी बसत असे. कपाट मोडीत काढलं तेव्हा फाटक्या कादंबऱ्या मला मिळाल्या. माझ्या रुखवतात लोखंडी ट्रंकभर कादंबऱ्या होत्या. सासूबाई अजून त्यावरून बोलतात.

नंदिनी झोपली की मी ट्रंक उघडून बसायची. गोजराला द्यायची ती आधी मी चाळायची. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की पोरांसाठी लिहिणाऱ्यांना आई नकोच असते. आई असली की ती विचारणार, कुठे चाललास, जेवून जा, स्वेटर घाल. मग गुहेत शिरायचं कधी आणि चोर पकडायचे कधी? म्हणून पहिल्या प्रकरणातच तिला तापात नाहीतर पुरात पाठवून देतात. दीपगृहावरच्या पोराला आई नाही. सर्कशीतल्या मुलीला नाही. उंटावरून पळालेल्या दोघा भावांना सावत्र आहे. एवढ्या ट्रंकेतून जित्या आईच्या चार निघाल्या.

पहिली दिली ती किल्ल्यावर सहलीला गेलेल्या मुलांची. आई सारखी शंकरपाळ्यांचे डबे भरून देते.

"कशी हाय?" गोजराने विचारलं. ती आमच्या पायरीवर बसायची. इथपर्यंत यायची परवानगी होती.

"मस्त आहे. मूर्ती चोरणारे पकडतात."

दुसऱ्या दिवशी परत. "चोर पहिल्या पानावरच कळला. मिशीवाला. दुसरी द्या."

दुसरी एका शहरातल्या मुलीची, ती मामाच्या गावी जाऊन नदीत पोहायला शिकते. ती वाचून गोजरा हसली. "पोहायला शिकायला शंभर पानं? आमच्याकडं खाडीत ढकलतात. काम खलास."

"मग ही घे. यात एका पोराचा पतंगाचा कारखाना आहे."

"तुमी सगळी वाचलीयात?"

"सगळी."

"बाळीला मांडीवर घेऊन?"

"ती झोपली की."

तिने नंदिनीच्या तळपायाला बोट लावलं. नंदिनीने पाय आखडला. गोजराने पुन्हा लावलं. असा खेळ बराच वेळ चालला, आणि मी बघत राहिले. छान दिसत होतं ते. छान दिसतंय एवढं कळत होतं.

चौथी कादंबरी परत द्यायला आली त्या दिवशी ती पायरीवर बसली नाही. पुस्तक छातीशी धरून दारात उभी राहिली.

"काकी, दिवाळीत तुमी मना तीन पुस्तकं दिली होती. ती दीपगृहाची, सर्कशीची आन ती भुयाराची. सगळी बिनआयची होती. तवा बोललात, लई भारी हायेत, वाच."

"हो."

"आता चार दिली. चारींच्या चार आया जित्त्या. एक पन मरत नाय. एकीला साधा ताप पन येत नाय."

मी नंदिनीचं दुपटं घडी करत होते. घडी झाली होती, ती उलगडून पुन्हा घातली.

"बाबानं सांगितलं ना तुमाला?"

नाही म्हणणं अवघड नव्हतं. दोन अक्षरं. पण तोंड उघडलं नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि मग तिने मान हलवली, दुकानदाराने भाव सांगितल्यावर हलवावी तशी.

"मग आता तशीच द्या. आय मरते ती."

"गोजरा..."

"मना बघायचंय पुढं काय करतात."

मी दिली. त्या कादंबरीतली आई मरते, पण हळू, तीन प्रकरणं घेऊन. मला वाटलं यात तरी असेल. गोजरा दुपारीच परत आली, बोट पानात घालून.

"हे बघा. इथं आय मेली. लोक आले. इथं पान संपलं. आन पुढच्या पानावर काय? 'पाच वर्षं लोटली.' पोरगा एकदम कालेजात. मधी काय केलं त्यानं? दुसऱ्या दिशी चा कोनी केला? त्याला उठवला कोनी?"

"दुसऱ्या एकात असेल."

आम्ही ट्रंक ओढून उंबऱ्यापाशी आणली. नंदिनीला सतरंजीवर खुळखुळा दिला. एकेक कादंबरी काढून मी आई मरते ते पान शोधून देत होते आणि गोजरा पुढचं पान उलटत होती. 'दिवसांमागून दिवस गेले.' 'मधू आता मोठा झाला होता.' 'त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली.' एकाने तर तिथे नुसत्या तीन फुल्या टाकल्या होत्या.

"कोनालाच माहीत नाय," गोजरा म्हणाली. तिला राग आला होता. "एवढी मोठी मानसं, पुस्तकं लिवतात."

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

ती थांबली.

"माझी आई गेली तेव्हा मी तुझ्यापेक्षा लहान होते. चहा मावशीने केला. गूळ जास्त पडला होता. मी सगळा प्यायले."

"मग?"

"मग भूक लागली. भाकरी मागायची लाज वाटली. कुणी बघत नव्हतं तेव्हा टोपलीतून घेऊन खाल्ली."

"रडलात?"

"नाही. सगळ्या बायका बोलत होत्या, पोर रडत नाही, पोर रडत नाही. मग मी रडल्यासारखं केलं."

"शाळेत?"

"बाई मऊ बोलायच्या. ते नको व्हायचं. एकदा गणित चुकलं आणि त्या ओरडल्या, तेव्हा बरं वाटलं. वेण्या मीच घालायला लागले, एक जाड एक बारीक. रोज सकाळ व्हायची, गोजरा. एवढंच. सकाळ व्हायची आणि उठावं लागायचं."

नंदिनी खुळखुळा तोंडात घालून आमच्याकडे बघत होती.

"आन त्या दिशी? तुमी व्हता ना तिच्याजवळ?"

"नाही. शेजारच्या काकूंनी मला त्यांच्या घरी बसवलं. पुस्तक दिलं हातात. म्हणाल्या, मोठ्याने वाच, आम्हाला ऐकू दे. मी वाचत होते. संपवून घरी आले तर अंगण सारवून झालं होतं आणि माणसं तिला पोचवून परत आली होती."

हे मी आधी कुणाला सांगितलं नव्हतं. ह्यांनाही नाही. सांगताना आवाज कापेल असं वाटलं होतं, तो कापला नाही. वाण्याला यादी सांगावी तसं सांगितलं.

गोजराने हातातली कादंबरी मिटून ट्रंकेत ठेवली. नीट, पाठकणा वर करून.

"मना वाचायचं नाय," ती म्हणाली. "मना जायचंय."

संध्याकाळी नंदिनीला कडेवर घेऊन मी शेटांच्या ओटीवर गेले. ते नुकतेच परळहून आले होते. जाईआत्या मासळी साफ करत होत्या.

"तिला एकदा आईकडे न्या," मी म्हटलं.

आत्यांचा हात थांबला. "काय बोलतंस गो वैजंती? तुला पुस्तकं द्यायला सांगितली, का पोरीचं डोकं फिरवायला?"

"तिला कळलंय, आत्या."

"कोनी सांगितलं?"

"मीच. न सांगता."

"शिकलेल्या बायांचं हे असं. दादा, ऐकतोस ना? उद्यापासून नको पाठवू पोरीला तिकडं."

शेट भिंतीला टेकून बसले होते. "वैनी, वार्डात पोरांना सोडत नाय. दारावर शिपाई बसलाय. आन ती आता... ती आधीची सखू नाय राहिली. हाडं निसती. पोरगी घाबरल."

"घाबरेल," मी म्हटलं. "पण मग कधीच दिसणार नाही."

एवढंच बोलले. पुढे काय बोलायचं ते मला येत नव्हतं. दुसरी कुणी असती तर रडून सांगितलं असतं आणि त्यांनी ऐकलं असतं. मी नंदिनीच्या टोपड्याची नाडी सोडून परत बांधली. आतल्या दारामागे गोजराचे पाय दिसत होते, अनवाणी, बोटं आत वळवलेली.

आत्यांनी हात धुतले. पदराला पुसले. त्या पायांकडे त्यांनीही पाहिलं असावं, कारण त्या तशाच आत गेल्या आणि कपाटाचं दार वाजलं. बाहेर आल्या तेव्हा हातात सखूवहिनींची हिरवी साडी होती.

"लांबीनं आयवर गेलीय," त्या कुणाकडेच न बघता म्हणाल्या. "साडीत शिपायाला काय कळतंय, पोर हाय का बाई. वैजंती, सकाळी पिना घेऊन ये. माजी नऊवारीत जिंदगी गेली, ही गोल साडी मना नेसवता येत नाय धड."

सकाळी आम्ही दोघींनी मिळून तिला साडी नेसवली. मी निऱ्या धरल्या, आत्यांनी खोचल्या. पिना कमी पडल्या. गोजरा श्वास रोखून उभी होती.

"चाल नीट. ढांगा टाकू नको," आत्या म्हणाल्या. "शिपायानं विचारलं तर बोल, मी तिची भैन हाय."

"तोंड उघडलं की कळंल त्याला."

"मग नको उघडू. आयला बघ आन ये."

शेट पुढे आणि ती मागे, दोघं खाडीपुलावरून जाणाऱ्या बससाठी हमरस्त्याकडे गेले. वळणावर तिने साडी दोन्ही हातांनी वर धरली आणि धावली.

त्या दिवशी मी काय केलं ते विचाराल तर नेहमीचंच. दुपटी धुतली. नंदिनीला मऊ भात भरवला. वरणात दोनदा मीठ पडलं. हे तसंच जेवले आणि पाळीला गेले. मला काळजी वाटत होती का? वाटत असावी. मी दर थोड्या वेळाने दारात येऊन उभी राहत होते, एवढं आठवतं.

ऊन उतरल्यावर ती दोघं आली. शेट थेट घरात शिरले. गोजरा आमच्या पायरीवर येऊन बसली. हळूहळू, दोन्ही पाय सरळ पुढे सोडून.

"सोडलं शिपायानं?"

"त्यानं बघितलं पन नाय."

"आणि आई?"

"आदी वळखलं नाय. मना बाई समजली. बाबाला बोलली, कोन आलंय." ती आपल्या पायांकडे बघत होती. "मग हसली. दात मोठे झालेत तिचे. बोलली, निऱ्या कोनी घातल्या? मी बोलले, आत्यानं आन काकीनं. बोलली, उलट्या घातल्यात. जवळ ये."

"मग?"

"मग तिनं सोडल्या सगळ्या. झोपूनच. आन परत घातल्या. लई वेळ लागला. मधी मधी थांबायची. नर्सबाई बोलली राहू दे, तर तिच्यावर खेकसली."

मी खाली पाहिलं. निऱ्या बारीक होत्या, एकसारख्या, एकीवर एक बसलेल्या. पीन एकही नव्हती.

जाईआत्या ओटीवरून ओरडल्या, "गोजरा, साडी सोड आता आन भाकरी खाऊन घे. सकाळपास्नं पोटात काय नाय."

"नाय सोडनार."

"चुरगळंल."

"नाय चुरगळनार. मी हलनार नाय."

आत्या थोड्या वेळाने ताटलीत भाकरी आणि सुका बोंबील घेऊन इथेच आल्या. गोजराने हात लावला नाही, म्हणून त्यांनीच तुकडा मोडून तिच्या तोंडात घातला. ती चावत राहिली, मान ताठ ठेवून. नंदिनी सतरंजीवरून रांगत निघाली, हिरव्या साडीकडे, एक हात पुढे करून. मी तिला उचलून मागे घेतलं. ती रडली. मी तिला घट्ट धरून ठेवलं.