मी गिरधरच्या दुकानातला फोन

मी भडगावजवळच्या एका खेड्यातला फोन बोलतोय. आजवर सगळे माझ्यातून बोलले, माझं कोणी ऐकलं नाही.

नव्वद साली गिरधरच्या किराणा दुकानात मला बसवलं, हार घातला. सुकदेव गुरुजींनी कुठल्याशा मासिकातली थोर विचारवंतांची भाकितं वाचून दाखवली. आता तारेची धास्ती नको, कापसाचा भाव घरबसल्या कळेल, माणसाची पायपीट संपेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मीही हुरळलो.

ती भाकितं मी पडताळून पाहिलीत. सगळी खरी ठरली, पायपिटीचंसुद्धा. पण पायपीट संपली की येणंजाणंही संपतं, हे त्या मासिकात नव्हतं.

गावातल्या पुनाभाऊंची लेक लता भुसावळजवळच्या दीपनगरला दिलेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येऊन झोके घेतात; त्यांना आणायला घरचं माणूस जातं, अशी इकडची रीत. पुनाभाऊ दरसाल हौसेने जायचे. गेल्या साली त्यांनी मला उचललं आणि लताच्या सासूला सांगितलं, "इहीणबाई, लताले आखाजीले धाडी द्या."

"लेवाले कोन येस?"

"आते फोन शे, येवानं काय काम?"

सासू म्हणाली, "मंग आखाजीबी फोनवरच करा."

दोघांचेही शब्द मीच पोचवले. लता आली नाही.

आखाजीच्या दुपारी तिचा फोन आला. गिरधरने तिच्या आईला, भिकुबाईला, बोलावून आणलं.

"माय, झोका बांधा का?"

"नही वं पोरी. यंदा कोनीच नही बांधा."

दुकानासमोरच्या निंबावर झोका चढत होता, पोरी गात होत्या. गाणं तिकडे ऐकू जाऊ नये म्हणून भिकुबाईने मला पदराखाली घट्ट धरलं. दिवसभर माणसं माझ्या तोंडाशी तोंड लावतात, तरी इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

आता पुन्हा आखाजी आलीय. पुनाभाऊ दुकानाची पायरी चढताहेत. त्यांनी नंबर फिरवला तर मला लावून द्यावाच लागेल, माझं कामच ते. पण पुनाभाऊ, हात जोडायला मला हात नाहीत म्हणून नुसतं सांगतो. तेवढा एक नंबर लावू नका. भुसावळची गाडी धरा. लता दाराकडे बघत असेल.