आरतीच्या आवाजामागची घरघर

आमचा कॉम्प्युटर पाण्यावर चालतो, असं माझे वडील सहादेवराव अख्ख्या सोनईत सांगत फिरतात. चालतो तो विजेवरच. पाणी त्याला फक्त थंड ठेवतं. आत एक इवलासा पंप, दोन नळ्या आणि पुढच्या जाळीमागे गाडीला असतो तसा छोटा रेडिएटर. लग्नाचे व्हिडिओ एडिट करायला एवढं काही लागत नाही. पण मी तो नगरहून जुना घेतलाय, आणि एकदा घेतलेल्या वस्तूची बाजू मी शेवटपर्यंत सोडत नाही.

खंडेनवमी झाली आणि तो घरघरायला लागला. माझं काही अडलं नाही, लग्नाच्या व्हिडिओत बँडपुढे काय ऐकू येणार? अडलं आरतीचं, म्हणजे माझ्या बायकोचं. ती अंध मुलांसाठी धडे वाचून रेकॉर्ड करायचं काम मागत होती. पुण्याच्या एका संस्थेने तिचे दोन नमुने परत पाठवले. आवाज छान आहे, पण मागे पिठाची गिरणी आहे का, अशी विचारणा. मोबाईलवर केलेलं त्यांना चालत नाही, आणि दुसऱ्या खोलीत म्हशी ऐकू येतात. ठरल्या दिवशी संध्याकाळपर्यंत स्वच्छ नमुना गेला नाही, तर काम दुसऱ्या कुणाला मिळणार होतं. लग्नानंतर आरतीने स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

त्या दिवशी सकाळपासून मी दिसेल तो स्क्रू आवळला. सायकलची ट्यूब कापून तिचे तुकडे फॅनखाली घातले. घरघर तशीच. वडील म्हणाले, विहिरीवरची मोटर हवा धरते तशी ह्यानेही धरली असेल. इंटरनेटवरही तेच लिहिलेलं होतं, पण ते मी त्यांना सांगितलं नाही. आम्ही दोघांनी मिळून तो डबा आडवा केला, उभा केला, हलवला. वडिलांना धाप लागली, बाकी काही झालं नाही.

माझी आई, झुंबरबाई, दारात उभी राहून हे सगळं बघत होती. तिला हे यंत्र मुळीच आवडत नाही. चांगल्या घरच्या सुनेने भिंतीकडे तोंड करून बडबडायचं हे कसलं काम, असं ती आरतीच्या तोंडावर म्हणते.

दुपारी आरती म्हणाली, पुढची जाळी काढून बघू. मी साफ नाही म्हटलं. जाळीच्या खुंट्या नाजूक आहेत, तुटल्या तर मिळत नाहीत, असं विकणाऱ्याने बजावलं होतं. मी स्वतः त्या जाळीला कधी हात लावला नव्हता. आरतीने मला बाजूला सरकवलं आणि जाळी ओढली. जाळी अलगद हातात आली, जणू रोजची सवय असावी.

रेडिएटर आणि पत्र्याच्या फटीत एक सुपारी बसली होती. हळदकुंकू लावलेली, शेजारी झेंडूची वाळलेली पाकळी. कॉम्प्युटर चालू होता आणि सुपारी पत्र्यावर थडथडत होती. आरतीने तिच्यावर बोट ठेवलं आणि घरघर थांबली. सुपारी काढली, तरी थांबलेलीच राहिली.

माझा पारा चढला. पूजा बाहेरूनच कर, असं मी आईला खंडेनवमीच्या दिवशी दोनदा सांगितलं होतं. ते तिसऱ्यांदा सांगितलं, आणखी बरंच सांगितलं. आईने मला दमेपर्यंत बोलू दिलं.

"तूच म्हनला हुता, ह्याला म्होरून थंडावा मिळतो," ती म्हणाली. "मंग जाळी काढून देव म्होरंच मांडला. पूजा झाली की सुपारी उचलत्यात. म्या न्हाई उचलली. हिचं काम झाल्याव उचलनार हुते."

मी स्क्रूड्रायव्हर पुसत बसलो, तो स्वच्छच होता. आरतीने ती सुपारी तशीच सासूच्या हातात ठेवली.

"आत्या, तुमीच धरून बसा आता," ती म्हणाली. "काम अजून झालं न्हाई."

वडिलांना दारावर बसवलं, कुणी आत येऊ नये म्हणून. आई आरतीच्या मागे पलंगावर बसली, डावी मूठ मिटून. आरतीने धडा वाचला आणि ऐकूनसुद्धा न बघता पाठवून दिला. रात्री जेवतानाही आईची डावी मूठ मिटलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेचा निरोप आला. मी तो सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. आवाज स्वच्छ आहे, काम तुम्हाला दिलं आहे. फक्त शेवटच्या ओळीनंतर कुणीतरी 'झालं का गं? हाताला मुंग्या आल्या' असं म्हणतं, तेवढं पुढच्या वेळी टाळावं.

आईने मूठ उघडली. सुपारी घेऊन ती देव्हाऱ्याकडे निघाली आणि मध्येच थांबली.

"फुडला धडा कवा हाय?" तिने आरतीला विचारलं.

"आजच."

आई परत येऊन पलंगावर बसली आणि तिने मूठ मिटली. ह्या खेपेला उजवी.