सूर्यभानच्या प्रबंधाचा हुरडा

सूर्यभानचा एम.एस्सी.चा प्रबंध कॉलेजच्या रानात उभा होता. चार वाणांची ज्वारी, बारा वाफे, वाफ्यागणिक नंबराची पाटी. कोणता वाण जास्त पिकतो, हे मार्चात कापून, मळून, तोलून सिद्ध करायचं होतं. मे महिन्यात डिग्री हातात नसली तर बियाणे मंडळातली नोकरी दुसऱ्याच्या घशात जाणार, हे त्याच्या मार्गदर्शक वीरुपाक्ष सरांनी इतक्यांदा बजावलं होतं, की दुपारच्या डुलकीतही तो "मे! मे!" करून उठायचा. पोरांना वाटायचं, खोलीत बकरी शिरली.

पंचाहत्तरच्या जानेवारीत सरांनी फर्मान काढलं, "सोमवारी समितीचे आम्ही तिघं मास्तर पाहणीला येतो." सूर्यभाननं हौसेनं चुडाव्याला मायला कार्ड टाकलं : माझे सर ज्वारी बघायला येणार.

आता जानेवारीत कुणी ज्वारी 'बघायला' येतो म्हणजे कशाला येतो, हे काय आपल्या माणसाला फोडून सांगावं लागतं? त्याची माय सुलाबाई सोमवारी सकाळच्या गाडीनंच आली, पिशवीत तिळाची चटणी घेऊन. सूर्यभान सरांना आणायला गेला, तेवढ्यात बाईनं आगटी पेटवलीसुद्धा.

मास्तर आले, वास आला, पाहणी राहिली बाजूला. तिघंही फतकल मारून बसले. सूर्यभानला गहिवरून आलं. मायनं गावाकडून कणसं आणली, केवढी माया!

"मावशी, लाजवाब! कुठली ज्वारी?" सरांनी विचारलं.

"हितलीच की सायेब! लय टपोरी व्हती, तेवढे तीन वाफे खुडले. पाव्हण्याला हलकं कसं द्यावं? घरी न्यायला बी गाठुडी बांधलीत."

सूर्यभान पळत गेला. सगळ्यात चांगल्या वाणाचे तिन्ही वाफे बोडके! तो बांधावर बसला आणि लहान लेकरासारखा रडला. "माय, वाटोळं केलंस गं माझं!"

"आरं, हुरडा खाऊ घातलाय, जहर न्हाई!" सुलाबाई कावली, पण तिचाही चेहरा पडला.

सरांना घास गिळवेना, थुंकवेना. अहवालात लिहायचं काय? पीक कुणी खाल्लं? समितीनं! एका मास्तरानं हळूच गाठुडं मागं सरकवलं.

"मावशी, हाच वाण का खुडला?" सरांनी चाचरत विचारलं.

"बाकीच्याचा दाणा चोळून बी सुटंना. ह्याचा झटक्यात सुटतो, आन् गोड हाय."

सर ताडकन उठले. "सूर्यभान, डोळे पूस! विषय बदलला. हुरड्यासाठी वाणांची तुलना. मार्चची वाट कशाला? मावशी, उरलेले तीन वाण वाफ्यावार भाजा. चव आम्ही लिहून देतो."

सूर्यभाननं डोळे पुसले, वही काढली. सुलाबाई भाजत राहिली. चौथ्या वाफ्याला एक मास्तर आडवा झाला, सहाव्याला दुसरा. सातव्याला वीरुपाक्ष सरांनी पोटावरचा हात काढून हात जोडले.

"बाबा, उद्या खाल्लं तर?"

"उद्या दाणा कडक होईल, सर," सूर्यभान पेन्सिलीला टोक काढत म्हणाला. "अजून दोन वाफे राहिलेत. तोंड उघडा."