यारीबच्या नावाशेजारी

…आणि समासात, यारीबच्या नावाशेजारी, तांबडा ठिपका. प्रेमराजांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. शाई नव्हे, कुंकू. पुस्तकं झटकताना बायकोचं, कोकिळेचं, बोट टेकलं असणार – कधी, कोण जाणे – आणि टेकलं ते नेमकं बायबलातल्या त्या चार याजकांच्या यादीत, ज्यांनी बाबेलच्या बंदिवासानंतर परक्या लोकांतल्या बायका केल्या होत्या आणि मग, त्यांना घालवून देऊ, असं हात देऊन वचन दिलं.

धुळ्याच्या या लहानशा चर्चमध्ये शास्त्रपाठ दर रविवारी एक अध्याय पुढे सरकतो. आज हा अध्याय, आणि वाचायची पाळी त्यांची. तरुण पाळक काल संकोचून म्हणाले होते, "नाना, एवढं गाळलं तरी चालेल. बाई मागे बसलेल्या असतात…"

घरी हे सांगितलं तर कोकिळा पोळी लाटता लाटता म्हणाली, "गाळतस कसाले? बठ्ठं वाचा. माले कसानी लाज? आते काय माले माहेरले, एरंडोलले धाडी देशात का?" आणि स्वतःच खळखळून हसली.

चाळीस वर्षं ती मागच्याच बाकावर बसते. अंगारकीला पद्मालयाचा गणपती, रविवारी चर्च. कपाळाला कुंकू दोन्ही ठिकाणी. बाप्तिस्मा तिनं घेतला नाही, यांनी मागितला नाही. आजोबा उपदेशक, वडील उपदेशक – तिसरा उपदेशक व्हायचा तो ग्रंथपाल झाला. लग्नानंतर पंचांनी याच चर्चमध्ये, भरल्या मंडळीत विचारलं होतं, तिला सोडणार असशील तर हात वर कर… हात मांडीवरच राहिला. लोक अजून सांगतात, प्रेमराज डगमगला नाही. पण खरंच? चारचौघांत पाणी मागायला ज्याचा हात उठत नाही, त्याचा तिथे तरी कसा उठणार होता? ते प्रेम होतं की नुसता बुजरेपणा – कपाटंच्या कपाटं वाचून हे एवढं एक त्यांना कळलेलं नाही.

पाळकांनी मान हलवून खूण केली. प्रेमराज उठले, पुढे गेले, वाचू लागले. मासेया… अलियेजर… यारीब – ठिपका – गदल्या. बायकांची नावं कुणी लिहूनच ठेवलेली नाहीत. त्यांनी वर पाहिलं. शेवटच्या बाकावर कोकिळा मान ताठ करून ऐकत होती, घरच्या लग्नाचं आमंत्रण वाचलं जावं तशी.

संपली यादी? आणि माझं नाव… नाही. चौघांनी हात दिला. मी दिला नाही. बुजरा होतो म्हणून का होईना – नाही दिला.

पुढची ओळ राहिली होती, चौघांनी प्रायश्चित्त म्हणून दिलेल्या मेंढ्याची. मंडळी वाट पाहत होती. प्रेमराजांनी खाली पाहिलं. आपलाच उजवा हात, सुरकुतलेला, पानावर पसरलेला, ठिपक्याला लागून… तो तिथेच ठेवून त्यांनी ती ओळ वाचली.