जशी आहे तशी, जिथं आहे तिथं

साहेब, चालती गाडी तुम्ही भंगार म्हणून विकलीत. कागदावर त्याला तुम्ही ‘निर्लेखन’ म्हणता. शब्द असा गुळगुळीत, की त्यावरून घसरून माणूस मेला तरी आवाज यायचा नाही. वेल्ह्याच्या डोंगरातल्या आमच्या वरच्या वाडीला ह्या शब्दाचा अर्थ कळायला ज्ञानूचा पाय जावा लागला. तो कसा गेला ते ऐका. कानावर हात ठेवू नका. ते आमच्या सावळ्यानं आधीच करून बघितलंय.

बाजारात बोकड विकणाऱ्या ह्या सावळ्यानं गाडी घेतली ती सरकारी लिलावात, मोबाईलवर. वाडीत रेंज मिळते ती फक्त बोरीच्या खडकावर. म्हणून त्या दिवशी सगळं घरच खडकावर चढलं होतं. मोबाईल सून वर्षाराणीच्या हातात, आणि भोवती बकऱ्या.

“आबा, कुणीतरी बोली वाढीवली.”

“कोण हाय त्यो?”

“नाव दिसत न्हाई. नुसता आकडा दिसतो.”

“मंग तू बी वाढीव. तोंड लपवणाऱ्याला कशापाई भ्यायचं?”

बायको भामाबाई गवताचा भारा टेकवून बघत होती. फोटोत एक पांढरी गाडी सरकारी आवारात पोटापर्यंत गवतात रुतलेली. ती म्हणाली, “अवं, शेरडू घेताना दात बगता, शेपटी उचलून बगता. आन् गाडी फोटूवर?”

“खाली लिवलंय की,” वर्षाराणीनं वाचलं, “जशी आहे तशी, जिथं आहे तिथं. मागनं तक्रार चालणार न्हाई.”

“माज्या बापानं बी तुमाला असंच घेतलं हुतं. जसं हाय तसं. फसला बिचारा.”

वर्षाराणी हसता हसता खडकावरून पडायची राहिली. त्या हसण्यातच बोट दाबलं गेलं आणि गाडी सावळ्याची झाली.

ती होती तालुक्याची रुग्णवाहिका.

भोरच्या गोरख मिस्त्रीनं नवी बॅटरी टाकली, उंदरांनी खाल्लेल्या वायरी जोडल्या आणि चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. गोरख म्हणाला, “आबा, ही चालून म्हातारी झाली न्हाई. हिला बसवून म्हातारी केलीया.”

आतल्या पलंगावर कारखान्यातून आलेलं प्लास्टिक तसंच होतं. कुठं चीरसुद्धा नाही.

“म्हंजी हिच्यात एक बी माणूस निजला न्हाई?” भामाबाईनं विचारलं.

“आता बकरी निजतील,” सावळा म्हणाला. त्याला वाटलं, लॉटरी लागली. पलंग उपसून त्यानं गोठ्यात टाकला. भामाबाईनं प्लास्टिक काढून त्याची पावसाची खोळ केली. मात्र गाडीच्या नाकावरची अक्षरं पुसायचा त्याला कंटाळा आला. ती उलटी लिहिलेली होती, पुढच्या गाडीवाल्याला आरशात सुलटी दिसावीत म्हणून. उलटं वाचतंय कोण, असं म्हणून सावळ्यानं ती तशीच ठेवली. भोंगाही तुम्ही काढून घ्यायला विसरला होतात, साहेब.

एकदा किकवीजवळ हायवेला गाड्या तुंबल्या. सावळ्यानं गंमत म्हणून भोंगा वाजवला. ट्रक बाजूला झाले. स्कूटरवरच्या एका बाईनं आतल्या पेशंटसाठी हात जोडले. आत सतरा बोकड. सावळ्यानं हा किस्सा वाडीत रंगवून सांगितला तेव्हा सगळ्यात जास्त हसला तो शेजारचा ज्ञानू. “त्या बाईच्या पुण्याईनं बोकडाला सर्ग मिळाला आसंल रं!”

मग आखाड सरत आला. गटारीच्या आधीचा शेवटचा बाजार. बोकडाला वर्षातून एकदाच असा भाव येतो. पाऊस डोंगराला झोडपत होता, खाचरांतून लाल पाणी उड्या मारत होतं. सावळ्यानं बोकड भरले, दार ओढलं, गाडी सुरू केली. तेवढ्यात ज्ञानूची साळूबाई चिखलातून पळत आली. लावणी टाकून आली होती, हातात रोपांची मूठ तशीच.

“सावळा भावजी! थांबा! ह्यास्नी फुरसं चावलं!”

“कुठं?”

“बांधावर, पायाला. चऱ्हाटानं आवळून बांधलाय, पर रगत थांबंना.”

सावळ्यानं मागं बघितलं. बोकड एकमेकांच्या पाठीवर चढत होते. मग साळूबाईकडं बघितलं. आधी बोकड, मग माणूस. ही ओळ ध्यानात ठेवा. सावळ्याला ती विसरता येत नाही.

“वहिनी, आता बोकड उतरवायचं म्हंजी बाजार उठंल. सरकारी गाडीला फोन लावा. फुकाट असती. आत डाक्टर बी असतो.”

“अवं, पर तुमची गाडी हितंच हुबी हाय न्हवं?”

“ती येतीच बगा.”

त्यानं गाडी हाणली. आरशात साळूबाई दिसली, मग धुकं दिसलं.

विंझरला रेंज आली आणि फोन वाजला. वर्षाराणी खडकावरून बोलत होती.

“आबा, सरकारी गाडीला फोन लावला. ती बाई म्हणती, तुमच्या तालुक्याची गाडी न्हाई, लिलावात गेली. दुसरी लांबनं पाठवतो.”

“मंग यिऊ दे की.”

“आबा...” मध्ये नुसता पाऊस ऐकू आला. “तालुक्याची गाडी म्हंजी तुमी बसलाय तीच की वो.”

सावळ्याच्या हातातलं स्टेअरिंग गार पडलं. गाडी वळवताना समोर एका दुकानाचं काचेचं दार आलं. त्यात गाडीच्या नाकावरची अक्षरं सुलटी दिसली. रुग्णवाहिका. सावळा दुसरी शिकलेला, जोडाक्षर त्याला जड जातं, पण त्या दिवशी एका दमात वाचलं.

बोकड त्यानं दुकानाच्या पत्र्याखाली सोडले. “सांबाळ रं बाबा,” असं कुणाला म्हणाला, त्याला आठवत नाही. भोंगा लावून घाट चढला. बाजूला व्हायला घाटात कुणीच नव्हतं.

ज्ञानूला लेंड्यांवरच आडवं केलं, कारण पलंग गोठ्यात होता. साळूबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. ज्ञानूनं डोळे उघडले. “बाजार झाला का रं?” एवढंच विचारलं.

सावळ्यानं दार ओढलं आणि गाडी दवाखान्याकडं हाणली.

जीव वाचला. पाय गुडघ्याखाली कापला. पुण्याचा डॉक्टर म्हणाला, दोरी लई आवळली, आणि आणायला उशीर केला. दोरी साळूबाईची. उशीर कुणाचा?

दसऱ्याच्या सुमाराला ज्ञानू कुबडी घेऊन सावळ्याच्या ओट्यावर आला. म्हणाला, “तुजी गाडी हुती म्हणून वाचलो.”

सावळ्यानं हातातली भाकरी खाली ठेवली. “दादा, म्या वहिनीला न्हाई म्हणलं हुतं. बोकडापाई. निघून गेलो हुतो म्या.”

“ठावं हाय. साळूनं तवाच सांगितलं.”

“मंग आबार कशापाई मानतूस? चार शिव्या घाल की!”

“तू परत तरी आलास. ती लांबची गाडी अजून वाटंतच हाय.” ज्ञानू हसला. सावळ्याला वाटलं, ह्यानं हसण्यापेक्षा कुबडी डोक्यात हाणली असती तर बरं झालं असतं.

त्या रात्री सावळा जेवला नाही. सकाळी त्यानं गोठ्यातला पलंग धुऊन पुन्हा गाडीत बसवला. बोकडांना आता टेम्पो बघेन, म्हणाला. मग भामाबाईची खोळ घेतली आणि तुमच्या कचेरीत येऊन ती तुमच्या टेबलावर टाकली. आठवतंय ना, साहेब?

“हे काय?”

“पलंगावरचं प्लास्टिक. तुमच्या गाडीतलं. ते पयल्यांदा माज्या बायकूनं काढलं.”

“गाडीचं रीतसर निर्लेखन झालेलं आहे. चालक मंजूर नव्हता.”

“म्या बी मंजूर न्हवतो. चालीवली की.”

“तुमची तक्रार काय आहे?”

“तक्रार चालत न्हाई, ठावं हाय मला. म्या वाटणी करायला आलोय. ज्ञानूदादाच्या पायात माजा वाटा हाय. म्या बोकड बगितलं, माणूस बगितला न्हाई. हे त्येच्या तोंडावर सांगून आलोय. मरंस्तवर म्या त्यो वाटा उचलीन. आता तुमचा तुमी उचला.”

“वर विचारावं लागेल,” म्हणालात, आणि जेवायला उठलात.

सावळा तुमच्या कचेरीतल्या बाकावर बसून आहे. शिपायानं दोनदा हाकललं, तो हलला नाही. जसा आहे तसा, जिथं आहे तिथं. खोळ त्याच्या मांडीवर आहे, गाडी दारात उभी आहे.

जेवण झालं असेल तर सांगा, साहेब. त्या पलंगावरचं प्लास्टिक का निघालं नव्हतं? बोला.