बटण मालकांचं, कंबर मालकीणबाईंची

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. माझं दार लावलं की चांगला भरदार ‘धप्प’ असा आवाज येतो, हल्लीच्या गाड्यांसारखा ‘टक’ असा नाही. यावरून माझं वय काय ते ओळखा. वरून मी सायीच्या रंगाची आणि खालून बाटलीसारखी हिरवी आहे. पुढे दोन गोल दिवे आणि मागे भलीथोरली डिकी. या डिकीनेच माझ्या आयुष्यात सगळं रामायण घडवलं, म्हणून तिचीच गोष्ट आधी सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. त्या काळी पत्र्याला बाक देताना शेवटचा हात माणसाचा असायचा. माझ्या डिकीचं झाकण बसवणारा कारागीर कानाने थोडा अधू होता, पण झाकण लावताना पत्र्यावर तळवा ठेवून उभा राहायचा. हाताला पटलं की मान डोलवायचा आणि पुढच्या गाडीकडे जायचा. माझ्या वेळी त्याने मान डोलावली होती, हे मी आजही तोऱ्यात सांगते.

माझे पहिले मालक डॉक्टर होते. त्यांनी मला दामटलं खूप आणि पुसलं कधीच नाही. मग मी आताच्या मालकांकडे आले. ते कारखान्यात नकाशे काढायचे. पेन्सिलला टोक काढायलासुद्धा पाच मिनिटं घेणारा माणूस. रविवार उजाडला की बाह्या सरसावून माझ्याखाली शिरायचे, ते जेवायला हाका मारून मारून घरच्यांचा घसा बसला की बाहेर यायचे. मालकीणबाई मला ‘सवत’ म्हणायच्या.

“अहो, सवतीचं झालं असेल तर आमच्याकडेही बघा जरा!” असं त्या खिडकीतून ओरडायच्या. मालक गाडीखालून म्हणायचे, “आलोच गं!” आणि यायचे नाहीत.

मालकीणबाई शिवणकाम करायच्या. शाळेचे गणवेश, दवाखान्याचे पडदे, हॉटेलातल्या खुर्च्यांची कव्हरं. शिवलेल्या कपड्यांची गाठोडी पोचवायची म्हणजे माझी डिकी हवीच. डिकीवर खरा हक्क त्यांचाच होता. मालकांची हत्यारं मागच्या सीटखाली असायची, डिकीत नाही.

एकदा वाटेत जोराचा पाऊस लागला आणि डिकीत पाणी शिरून गणवेशांचा अख्खा गठ्ठा भिजला. मालकीणबाई रात्रभर इस्त्री करत बसल्या. पुढच्याच रविवारी मालकांनी डिकीच्या कडेचं जुनं रबर काढलं आणि चांगलं जाडजूड नवं रबर बसवलं. त्यानंतर माझ्या डिकीत पाण्याचा थेंब गेला नाही.

दुसरा त्रास चावीचा. दोन्ही हात गाठोड्यांनी भरलेले, मग चावी फिरवायची कशी? गाठोडी चिखलात ठेवावी लागायची. मालकांनी ते पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. त्यांनी कागदावर नकाशा काढला, बाजारातून सामान आणलं आणि माझ्या डिकीला विजेवर उघडणारं कुलूप बसवलं. स्टिअरिंगखाली एक लाल बटण. ते दाबलं की मागे कुलपातला दांडा ओढला जाणार, कडीत अडकलेला आकडा सुटणार आणि झाकण आपोआप वर येणार. काम इतकं झोकात झालं की मालकांनी जुनं चावीचं कुलूप काढूनच टाकलं आणि त्या भोकावर चकचकीत टोपण ठोकलं. “आता चावीची गरजच काय?” म्हणाले. हुशार माणसाची चूक अशी असते बघा, ती करताना तो शीळ घालत असतो.

बटणाचं उद्घाटन बघायला सगळी गल्ली जमली. मालकांनी ऐटीत बटण दाबलं. ‘टिक्’ असा आवाज झाला आणि झाकण ढिम्म हललं नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा ‘टिक्’. कोणीतरी फिस्सकन हसलं. मालकांचे कान लाल झाले.

मित्रांनो, दोष माझा नव्हता. ते नवं जाड रबर झाकणाला खालून असं रेटत होतं की आकडा कडीत घट्ट रुतून बसला होता. बिचाऱ्या दांड्याची ताकद ती किती? मालकीणबाई दोन हातांत दोन गाठोडी घेऊन माझ्यामागे उभ्या होत्या. ओझ्याने अवघडून त्यांनी जरा टेकावं म्हणून माझ्या झाकणावर कंबर टेकवली. झाकण किंचित दबलं, आकडा मोकळा झाला, तेवढ्यात मालकांनी तिसऱ्यांदा बटण दाबलं आणि ‘ठक्क’! त्या बाजूला झाल्या आणि झाकण दिमाखात वर आलं.

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! मालकांची छाती फुगली. मालकीणबाईंनी एकदा झाकणाकडे पाहिलं, एकदा मालकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. दुसऱ्या दिवशी कोणी नसताना त्या माझ्यापाशी आल्या आणि झाकणावर हळूच चापट मारून म्हणाल्या, “मी टेकले की गप उघडायचं हं, शहाणे. नाहीतर त्यांचं तोंड उतरतं.”

तेव्हापासून तोच रिवाज पडला. मालक पुढे बसून बटण दाबायचे, मालकीणबाई मागे कंबर टेकवून उभ्या राहायच्या आणि मी उघडायचे. मालक येईल त्याला सांगायचे, “माझ्या हातचं काम आहे. इतक्या वर्षांत एकदा दगा दिला असेल तर शपथ!” मालकीणबाई त्या वेळी चहाचा कप तोंडाला लावायच्या, हसू लपवायला. एकदा मालकांनी एकट्यानेच बटण दाबून पाहिलं आणि मी उघडले नाही. ते बॅटरी तपासायला गेले. एवढ्यात मालकीणबाई लगबगीने येऊन मागे उभ्या राहिल्या. “आता दाबा बरं!” मी उघडले. “बघ, वायर जरा ढिली होती,” मालक म्हणाले. “हो ना,” त्या म्हणाल्या.

ते दिवस फार सुखाचे होते. आम्ही तिघं मिळून एक डिकी उघडत होतो आणि त्यातल्या एकालाच ते ठाऊक नव्हतं.

मग मागच्या थंडीत एक दिवस मालकीणबाई मालकांबरोबर जाऊन आपलं शिवणाचं मशीन तेलपाणी करून घेऊन आल्या. दुकानातल्या माणसाने ते डिकीत ठेवलं. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, “राहू दे आत, उद्या काढू. आज जरा थकल्यासारखं वाटतंय.” तो उद्या आलाच नाही. त्यांना दवाखान्यात नेलं आणि त्या परत आल्या नाहीत. मशीन माझ्या पोटात तसंच राहिलं. मालक माझ्याकडे फिरकेनासे झाले. पत्र्याच्या शेडमध्ये माझ्यावर धुळीचा थर बसला, एका टायरची हवा गेली, आणि मला आठवण काढायला भरपूर वेळ मिळाला.

मालकांना एक लेक आहे. ती आईच्या मांडीवर बसून शिवण शिकली. तिने दूरच्या शहरात स्वतःचं शिवणाचं दुकान घ्यायचं ठरवलं आणि तिला दुसरं कुठलं मशीन नको होतं, आईचंच हवं होतं. सामानाचा टेम्पो दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होता. तेव्हा कुठे बापलेक शेडमध्ये आले. मालकांनी बॅटरी भरून आणली, सीटवर बसले आणि लाल बटण दाबलं.

‘टिक्.’

मी काय करणार? मागे कोणीच नव्हतं.

मालकांनी फ्यूज बदलला. वायर बदलली. बटण उघडून घासून पुसून परत लावलं. ‘टिक्.’ माझ्या मागच्या सीटच्या पाठीमागे पेट्रोलची टाकी आहे, त्यामुळे आतून वाट नाही. चावीचं भोक तर त्यांनीच बुजवलेलं. शेवटी लेकीने विजेची कामं करणाऱ्या फ्यूजभाऊंना बोलावलं. त्यांना सगळे फ्यूजभाऊ म्हणायचे, कारण पंखा बंद पडो की दाराची घंटा, ते आधी “फ्यूज गेलाय” म्हणायचे. इथेही आल्या आल्या तेच म्हणाले.

“फ्यूज आत्ताच बदललाय,” मालक करवादले.

फ्यूजभाऊंनी बराच वेळ खटपट केली आणि घाम पुसत हात टेकले. “काका, राग मानू नका. ग्राइंडर आणतो. झाकण कापू, मशीन काढू, आणि मग गाडी… म्हणजे आता ठेवून तरी काय करणार?”

मित्रांनो, माझ्या पत्र्याला कापरं भरलं. पण माझ्यापेक्षा वाईट अवस्था मालकांची होती. ते खाली बसले आणि म्हणाले, “तीस वर्षं एकदाही बिघडलं नाही गं हे. ती गेली आणि हेही गेलं. तिची एक वस्तू तुला द्यायची, तेवढंही माझ्याच्याने होत नाही.”

लेकीचे डोळे भरले. “बाबा, कापायचं नाही हं. मशीन नाही मिळालं तरी चालेल, पण कापायचं नाही.” असं म्हणाली खरी, पण आईच्या मशीनशिवाय जायचं तिच्या जिवावर आलं होतं, ते मला दिसत होतं.

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अरे, मागे या! पण आम्हा मोटारींचा हॉर्नसुद्धा दुसऱ्याने दाबावा लागतो.

फ्यूजभाऊ पत्र्याला कान लावून बसले होते. “काका, ‘टिक्’ आवाज येतोय म्हणजे वीज पोचतेय. मग पाणी मुरतंय कुठे? आकडा रुतला तर नसेल? ताई, जरा झाकण दाबून धरता का?”

लेकीच्या एका हातात बॅटरीचा दिवा होता, दुसऱ्या हातात हत्यारांची पिशवी. ती माझ्यामागे आली आणि तिने सहज, अगदी सहज, झाकणावर कंबर टेकवली.

“दाबा बाबा.”

‘ठक्क!’

ती बाजूला झाली आणि मी उघडले. आतलं मशीन जसंच्या तसं होतं, कोरडं ठणठणीत, कुठे गंजाचा ठिपकासुद्धा नाही. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. फ्यूजभाऊ टाळ्या वाजवायला लागले. लेक मात्र होती तिथेच थबकली.

“बाबा,” ती म्हणाली, “आई अशीच उभी राहायची ना हो? दर वेळी, अशीच टेकून. मला वाटायचं, तिची कंबर दुखते.”

“मलाही तेच वाटायचं,” मालक म्हणाले. “मी तिला औषधाचा मलम आणून दिला होता.”

ते उठून मागे आले. रबर बोटाने दाबून पाहिलं, कडी पाहिली, आकडा पाहिला. नकाशे काढणारा माणूस, त्यांना समजायला वेळ लागला नाही. आधी ते हसले. मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग हसणं कुठे संपलं आणि रडणं कुठे सुरू झालं, ते मलाही कळलं नाही. “तीस वर्षं,” ते म्हणत होते, “अगं, तीस वर्षं मी गावभर मिरवत होतो! तिने एकदा तरी सांगायचं!”

“सांगितलं असतं तर तुम्ही आठवडाभर जेवला नसतात,” लेक डोळे पुसत म्हणाली. “आणि तिला मजा येत होती बाबा. चहा पिताना कशी हसायची ती.”

फ्यूजभाऊ घसा खाकरून म्हणाले, “काका, कडीचे दोन बोल्ट ढिले करून ती केसभर वर घेतली की काम झालं. मग मागे कोणी टेकायची गरज नाही.”

“नको ना,” लेक म्हणाली. “राहू दे असंच. आईची आठवण.”

मालकांनी मान हलवली. “आठवण तिची ठेवू, तिचा त्रास कशाला ठेवायचा? दोन्ही हातांत ओझं घेऊन ती मागे ताटकळायची, आणि ते वाचावं म्हणून तर मी हे केलं होतं. पाना द्या इकडे.”

फ्यूजभाऊ पुढे सरसावले, पण मालकांनी त्यांना हात लावू दिला नाही. गुडघे टेकून त्यांनी स्वतः बोल्ट ढिले केले, कडी वर घेतली, पुन्हा आवळली. झाकण लावलं, पत्र्यावर तळवा ठेवून क्षणभर थांबले आणि मग लेकीला बटण दाबायला सांगितलं. मी उघडले. मागे कोणी टेकलं नव्हतं.

खरं सांगू? मला ते मुळीच आवडलं नाही. आता मी एका बोटावर उघडते, सगळे कौतुक करतात, पण ती ऊबदार कंबर पाठीला लागत नाही, हे मला प्रत्येक वेळी जाणवतं.

सकाळी टेम्पो गेला, पण मशीन त्यात चढवलं नाही. ते माझ्याच डिकीत होतं आणि टायरात हवा भरून मालक स्वतः मला चालवत लेकीला पोचवायला निघाले.

तर मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी जुनं असेल तर त्याला शेडमध्ये धूळ खात टाकू नका. बिजागऱ्यांना तेल घाला, रबर पुसा, अधूनमधून चक्कर मारून आणा. आणि घरात एखादी गोष्ट वर्षानुवर्षं बिनबोभाट होत असेल, तर एकदा खाली उतरून मागे जाऊन बघा, तिथे कोण उभं आहे. ते माणूस तिथे आहे तोवर बघा. आमच्या मालकांना हे कळलं त्या दिवशी, सगळे घरात गेल्यावर, ते माझ्या झाकणावर हात ठेवून हळूच “थँक यू गं” म्हणाले. ते काही मला म्हणत नव्हते, पण ऐकायला तिथे मीच होते.