ज्वारीवरचं रीळ

"थांब," मी म्हणाले. "हे तर काल म्हणून झालं की."

"काल मिथुननं म्हणलं ते त्याचं होतं, आजी," संध्या म्हणाली. "हे माझं हाय."

मी तुरीच्या शेंगा सोलत होते. जालन्यातल्या मस्तगडच्या आमच्या घराची गच्ची हातरुमालाएवढी. तिच्यावर माझं सूप, माझी नात संध्या, तिचा गाण्यातला जोडीदार मिथुन आणि चहाच्या डब्याएवढा एक स्पीकर, एवढे कसेबसे मावलो होतो. मिथुन दिवसभर मोबाईलच्या दुकानात फुटक्या काचा बदलतो आणि दिवस कलला की आमच्याकडे येऊन रॅप करतो. रॅप म्हणजे काय ते मला वर्षभर ऐकून ऐकून कळलंय. आधी धपधप वाजतं, मग हे हात झटकत भांडल्यासारखं बोलतात. भांडणाला माझी ना नाही. पण भांडणसुद्धा प्रत्येक बाईचं वेगळं असतं. आमच्या गल्लीतली उषाबाई भांडायला लागली की घरात बसून कळतं, ही उषाबाई. ह्यांचं तसं नाही.

"तुझं कोणतं आन त्याचं कोणतं, माणसानं ओळखावं कसं?" मी विचारलं.

"शब्दावरून. मी नळावर म्हणून राह्यले. आठ आठ दिवस पाणी येत न्हाई, त्याच्यावर. त्याचं दुकानावर हाय."

"शब्द बरे हायत तुमचे. पण चाल एकच. हात पण एकाच अंगाला झटकता. ऐकता कोणाला तुम्ही?"

"रॅपरला," मिथुन म्हणाला.

"आन ते कोणाला ऐकतेत?"

"मोठ्या रॅपरला."

"आन ते मोठे?"

मिथुननं डोकं खाजवलं. "त्यांच्याहून मोठ्याला."

"म्हणजे एकाच कढईतलं तेल. सकाळी त्याच्यात भजे, दुपारी वडे, संध्याकाळी पुन्हा भजे. काळं पडलं तरी तेच. मंग खाणाऱ्याचा घसा धरन न्हाई तर काय?"

संध्या हसली. मिथुनला लागलं. "आजी, लोकायला हेच पाहिजे. जरा वेगळं टाकलं की कोणी बघत न्हाई. आन सगळेच तसं करून राह्यले तर एकट्या आमची चूक कशी?"

"सगळ्यायची हाय म्हणून तुझी कमी होत न्हाई, बाबा."

पोरगा स्पीकरची बटणं चाळायला लागला. समोरचं माणूस गप्प झालं की मला चेव येतो, ही माझी जुनी खोड. मी सूप बाजूला ठेवलं आणि बोलून गेले, "तुझा आजोबा एक चाल दोनदा घेत नव्हता, संध्या. उरुसात जाऊन रातभर कव्वाली ऐकायचा. लमाणाच्या बाया कापूस येचता येचता गायच्या, तर हा बांधावर बसून राह्यचा. लग्नाचा बँड, दारावर आलेला वासुदेव, जिनिंगमधली मशीन, काही सोडत नव्हता. आन जयंतीला गायला उभा राह्यला की ह्या सगळ्याचं मिळून त्याचं एक वेगळंच निघायचं. तीन गावं बैलगाड्या जुपून यायची."

बोलून गेले आणि मग कळलं, काय बोलले ते.

"आजोबा गायचे?" संध्या म्हणाली. "पप्पा तर कधीच बोलले न्हाई!"

"रेकॉर्डिंग असंल ना काही?" मिथुन पुढे सरकला. "त्या टायमाला कॅसेटी निघायच्या."

"होत्या अकरा," मी म्हणाले. "उंदरानं खाल्ल्या."

आणि शेंगा सोलायला लागले. अर्धे दाणे खाली सांडले.

आता खरं काय ते सांगते. तातेराव माझा नवरा. केदारखेड्याला दोन एकर रान आणि पाच माणसांची गायन पार्टी. लोक मला दैवशालाबाई म्हणून ओळखायचे नाहीत. गाणाऱ्या तातेरावची बायको म्हणायचे. बाजारात, दवाखान्यात, नदीवर, जिथं जाईन तिथं तेच. दुसरीला असं कुणी म्हटलं असतं तर ती फुगली असती. मला ते टोचायचं. मला वाटायचं, दुसऱ्यांनी आपल्याला मास्तरची आई म्हणावं, सायबाची आई म्हणावं. मी दोन यत्ता शिकलेली, पण पोराला, संघपालला, मी शिकवलं, आणि तो मास्तर झाला. त्याच्यासाठी मुलगी बघायला जुन्या जालन्यात गेलो तेव्हा तिचे वडील, ते हेडमास्तर होते, चहाची बशी हातात धरून म्हणाले, "तुमच्यात गाण्याबिण्याचं आहे म्हणतात. इथून पुढं ते बंद असेल ना?"

मी म्हणाले, "बंद."

तातेराव माझ्या शेजारी बसला होता. त्याला मी विचारलं नाही. तो बशीतला चहा फुंकत राहिला, चहा तर आधीच गार झाला होता. पार्टी त्या वर्षी मोडली. पुढं तो गेला तोपर्यंत कधी रानात गुणगुणला असेल तर असेल. मी जवळ गेले की थांबायचा.

त्याच्या मागं अकरा कॅसेटी राहिल्या. भोकरदनच्या वसंता साउंडवाल्यानं जयंतीच्या जयंतीला भरलेल्या. पेटीत होत्या. तो गेल्याच्या दुसऱ्या वर्षी ज्वारी हुरड्यात आली आणि पाखरं तुटून पडली. तेव्हा गावात सगळेच जुन्या कॅसेटीचं रीळ काढून रानात बांधायचे. ह्या काठीपासून त्या काठीला पीळ देऊन ताणलं की ते उन्हात चमकतं, वाऱ्यात घुंऽऽ करून वाजतं, आणि पाखरू खाली उतरत नाही. कुणी सिनेमाच्या गाण्याचं बांधलं, कुणी भजनाचं. मी पेटी उघडली.

चुकून नाही काढलं. कोणती कॅसेट कुठल्या सालची ते त्याच्या अक्षरात वर लिहिलेलं होतं आणि तेवढं मला वाचता येत होतं. एकेक ओढत गेले, टोकाला कात्री लावत गेले. दोन एकराला पुरून उरलं. शेजारच्या रानातल्या बाया बघायला आल्या. वारा सुटला, रीळ वाजायला लागलं, आणि मी मोठ्यानं म्हणाले, "घ्या, मेल्यावर तरी कामाला आला!"

बाया हसल्या. मीही हसले. त्या साली ज्वारीचं एक कणीस पाखरानं नेलं नाही.

हे मी सोळा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी संध्या स्पर्धेला गेली. जालन्यातच, एका मंगल कार्यालयात. पहिल्या फेरीतून पुढे गेली, पण घरी आली ती तोंड पाडून. चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "आजी, परीक्षक तुझंच बोलले."

"काय बोलले?"

"म्हणे, आवाज चांगला हाय, शब्द चांगले हायत, पण डोळे मिटून ऐकलं तर आत्ता होऊन गेलेल्या सात जणातून तू कोणती ते सांगता येत न्हाई. म्हणे, तुम्ही पोरं एकमेकाचंच ऐकून एकमेकासारखी झाली. घरी काय ऐकत वाढली, म्हणून विचारलं मला."

"मंग तू काय सांगितलं?"

"काय सांगू? घरात होतं काय? टीव्हीवरच्या मालिका आन पप्पाचं पाढे म्हणून घेणं." तिनं डोळे पुसले. "पंधरा दिवसांनी फायनल हाय. आजोबाचं एक गाणं मिळालं असतं तर मी त्याच्यावर बांधलं असतं. दुसऱ्या कोणापाशीच ते नसतं."

ती पेटी काढेल असं मला वाटलं नाही. रिकाम्या डब्या मी गावाहून इथं आणल्या होत्या. का, ते मला आजही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आले तर माझी पेटी उघडी, अकरा डब्या फरशीवर ओळीनं मांडलेल्या आणि मिथुन एक कॅसेट डोळ्याजवळ धरून बसलेला. दुकानात काच बघतो तशी बघत होता.

"आजी," तो म्हणाला, "हे उंदराचं काम न्हाई."

"तुला काय कळतं? तू मोबाईलच्या काचा बदल."

"हे बघा ना. आत चाकाला बोटभर रीळ राह्यलंय. त्याचं टोक सरळ हाय. कात्रीचं हाय. अकराच्या अकरा सारखेच कापलेत. उंदीर कातरतो, तो असं मापात कापत न्हाई."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मी त्याला जिन्यावरून खाली घातला असता. संध्यानं माझ्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही. तिचं ते न विचारणं मला सहन झालं नाही.

"उद्या केदारखेड्याला चल," मी म्हणाले.

भोकरदनच्या एसटीत मी तिला सगळं सांगितलं. "बंद" म्हणाले तेही, आणि बायांपुढं म्हणाले तेही. माझ्या जिभेनं आजवर किती जणांना रडवलं असेल, पण त्या दिवशी तीच जीभ लाकडासारखी झाली होती. संध्या खिडकीतून बाहेर बघत होती. राजूर गेल्यावर एवढंच म्हणाली, "तू मला कढईचं सुनावलं होतं, आजी."

"हाव."

"दुसरं तेल घरात होतं. सांडलं कोणी?"

मी पदराचं टोक तोंडाशी धरलं आणि गावापर्यंत सोडलं नाही.

रानात आता पुतण्याची कपाशी आहे. बांधावरची बाभळ तेवढी तशीच. आम्ही तिच्याखाली उभ्या राहिलो, आणि संध्यालाच आधी दिसलं. वरच्या फांदीच्या काट्यात हातभर रीळ गुंतून बसलं होतं. सोळा वर्षांचं. तिनं काटे लागू देत ते सोडवलं आणि उन्हाकडे धरलं. तपकिरी रंग पार उडाला होता. पलीकडची कपाशी त्यातून दिसत होती. मिथुनला फोन लावून तिनं विचारलं. तो म्हणाला, "हातभर असंल तर आठ-दहा सेकंदाचं गाणं. पण रंग गेला म्हणतेस, तर मंग त्याच्यात काहीच न्हाई. आवाज रंगातच असतो."

तिनं फोन ठेवला. "तुला तर येत असंल एखादी ओळ. तू रोज ऐकलं. एकच ओळ म्हण, आजी. चाल तेवढी दे."

मी डोळे मिटले. तातेराव दिसला. पटका दिसला, कानाला लावलेला हात दिसला, ओठ हलताना दिसले. आवाज आला नाही. तो गायला बसला की मी मुद्दाम भांडी घासायला घ्यायची. ती भांडीच ऐकू आली. तरी पोरीसाठी तोंड उघडलं. ताल धरायला मांडीवर हात मारला. एक, दोन, आणि तिसऱ्याला माझं मलाच ओळखू आलं. धपधप, धप. गच्चीवरचं बीट होतं ते. मिथुनचं, संध्याचं, त्यांच्या मोठ्या रॅपरचं आणि त्याच्याहून मोठ्याचं. माझ्या हातात तेच आलं. वर्षभर तेच कानावर पडत होतं, दुसरं आत काही उरलंच नव्हतं.

संध्या हसेल असं वाटलं. हसली असती तर बरं झालं असतं. तिनं पर्समधून एक रिकामी कॅसेट काढली, बाभळीची काडी चाकात घातली आणि ते हातभर पारदर्शक रीळ हळूहळू आत गुंडाळून घेतलं.

"आजोबा गायच्या आधी काय करायचे?" तिनं विचारलं.

"गप उभा राह्यचा," मी म्हणाले. हे मला आठवत होतं; कारण ह्याच्यावरच मी सर्वांत जास्त चिडायचे. "लोक गप होईपर्यंत. किती का येळ लागंना."

फायनलला मी गेले. मंगल कार्यालय पोरांनी गच्च भरलं होतं. संध्याचं नाव पुकारलं, ती आली आणि माइक हातात धरून नुसती उभी राहिली. पोरं ओरडली, शिट्ट्या वाजल्या, कुणीतरी म्हणालं, "विसरली वाटतं!" ती हलली नाही. हळूहळू एकेक रांग गप्प झाली. शेवटी पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

तेव्हा बीट वाजलं. तेच. चालही तीच, आधीच्या सहा पोरांची. दुसरी तिला मी ठेवलीच नव्हती. पण शब्दांत केदारखेड्याचं रान होतं. हुरड्यात आलेली ज्वारी होती, काठीला बांधलेला माणूस होता, जो वारा आला की घुमायचा आणि ज्याला भिऊन पाखरं उडून जायची. कात्री होती. हसणाऱ्या बाया होत्या. "मेल्यावर तरी कामाला आला" हे जसंच्या तसं होतं. बोलणारीचं नाव तेवढं तिनं कुठं घेतलं नाही.

बक्षीस भलत्याच पोराला मिळालं.

माझ्या शेजारी एक बाई बसली होती, संध्याच्या आधी गाऊन गेलेल्या एका पोराची आई. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "त्या रिळाच्या पोरीनं काळजात कालवलं बघा. कोणाची हो ती?"

माझी, म्हणायला तोंड उघडलं होतं. मास्तरची, असंही ओठावर आलं होतं.

"गाणाऱ्या तातेरावची," मी म्हणाले.

"कोण तातेराव?" बाईनं विचारलं. "आम्ही न्हाई ऐकलं कधी."